टाकी खाजगी, धोका सार्वजनिक

(पुणे येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. त्यांच्या रांगेत डिझेलच्या आणि रसायनांच्या टाक्या कोठून आल्या? इंधनाची वा रसायनाची टाकी खाजगी जागेत ठेवण्याचा हक्क कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर, हा वरवर पाहता तांत्रिक प्रश्न आहे. तो इन्स्पेक्टरांनी आणि इंजिनियरांनी पाहावा, असेच आपण आजवर मानत आलो. माझे म्हणणे असे की, हा मुळात मालकीचा प्रश्न आहे आणि म्हणूनच तो आपला प्रश्न आहे.

एखाद्याच्या घरातील कपाट त्याच्या मालकीचे असते. ते मोडले तर त्याचेच नुकसान होते. रसायनाने भरलेल्या टाकीचे तसे नाही. तिच्यातील मालाचा नफा कुंपणाच्या आत राहतो, पण ती फुटली तर धूर, ज्वाला आणि वायू कुंपण मानीत नाहीत. नफा एकाचा आणि धोका शेजाऱ्याचा अशी ही मालमत्ता आहे. अशा मालमत्तेवर समाजाचा अधिकार किती, हे ठरविण्यासाठी कायदे झाले. ते कायदे काय म्हणतात, ते कोठे अपुरे पडतात आणि कोठे जाणूनबुजून अपुरे पाडले जातात, हे आज पाहू.

इंधनासंबंधीचा मूळ कायदा इंग्रजी अमदानीतला, १९३४ चा पेट्रोलियम कायदा. त्याखालील सध्याचे नियम २००२ चे आहेत. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगी लागताच पेट घेते, त्या तापमानावरून या कायद्याने वर्ग पाडले आहेत. ते तापमान २३ अंशांच्या खाली असेल तर ‘अ’ वर्ग. पेट्रोल यात येते. २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान ‘ब’ वर्ग. डिझेल आणि रॉकेल यात येतात. त्यापुढे ९३ अंशांपर्यंत ‘क’ वर्ग. पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. काचेचे भांडे १ लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नको. डिझेलसारख्या ‘ब’ वर्गातील इंधनाला एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, मात्र त्यातील कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर एका वेळी १०० किलोपर्यंत परवान्याविना ठेवता येतात. यापलीकडे गेले की परवाना आला. तो देणारी संघटना म्हणजे पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे.

आता या आकड्यांचे व्यवहारात काय होते ते पाहा. पुण्यातील मोठ्या सोसायट्या, रुग्णालये, मॉल आणि संगणक कंपन्यांच्या इमारती यांच्या जनरेटरला जोडलेल्या टाकीची क्षमता विचारा. पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळेल, ९९० लिटर. हा आकडा १,००० च्या मर्यादेखाली दहा लिटर राहण्यासाठी निवडलेला आहे. त्यात बेकायदा काही नाही. अशा दोन टाक्या ठेवल्या तरी १,९८० लिटर होतात, म्हणजे अजूनही परवान्याच्या अलीकडेच. परंतु टाकीभोवती बांध आहे का, शेजारी विजेचे पॅनेल आहे का, ती तळघरात आहे की उघड्यावर, वाळूच्या बादल्या कोठे आहेत, हे पाहायला परवाना देणारा अधिकारी येत नाही, कारण परवानाच नाही. जो आकडा किरकोळ साठ्याला सवलत म्हणून घातला, तो आता संकल्पचित्राचे माप झाला आहे.

दुसरी गोष्ट रसायनांची. येथे कायदा आला तो भोपाळच्या प्रेतांवरून. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. त्या टाकीत मिथिल आयसोसायनेटचा सुमारे ४० टन साठा होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा त्या रात्री कामी आली नाही. एवढा विषारी साठा एका टाकीत, दाट वस्तीला लागून, कोणाच्या अधिकाराने ठेवला होता, हा प्रश्न हजारो माणसे मेल्यानंतर विचारला गेला. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये एक मोठा सिद्धांत घालून दिला. जो कोणी नफ्यासाठी धोकादायक धंदा करतो, तो अपघातातील हानीला संपूर्णपणे जबाबदार आहे. ‘आम्ही काळजी घेतली होती’, ‘दुसऱ्याने घातपात केला’ ही सबब त्याला नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने १८६८ मध्ये मालकाच्या जबाबदारीचा जो नियम सांगितला होता, त्याला अपवाद होते. आपल्या न्यायालयाने ते अपवाद बाजूला सारले. नुकसानभरपाई धंद्याच्या आकारमानाच्या आणि ऐपतीच्या प्रमाणात असावी, असेही सांगितले.

या पार्श्वभूमीवर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारखाना कायद्यात १९८७ ची दुरुस्ती, १९८९ चे धोकादायक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि १९९६ चे रासायनिक अपघातांसंबंधीचे नियम झाले. १९८९ च्या नियमांत प्रत्येक घातक रसायनाची एक मर्यादा ठरविलेली आहे. क्लोरीनच्या निव्वळ साठवणुकीसाठी ती १० टन आहे. तीवर साठा गेला की मालकाने कारखान्याच्या आवारापुरता आपत्कालीन आराखडा करावयाचा, जिल्हा यंत्रणेने आवाराबाहेरचा करावयाचा, आणि तिसरी गोष्ट, जी आपण विसरतो, आसपासच्या ज्या लोकांना धोका पोहोचू शकतो त्यांना मालकाने आधीच माहिती द्यावयाची. धोका कशाचा आहे, अपघात झाला तर काय करावे आणि काय करू नये, हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे. ही मालकाची मेहेरबानी नव्हे. तो आपला हक्क आहे.

१९९६ च्या नियमांनी तर एक पाऊल पुढे टाकले. केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्तिनिवारण गट असावेत असे ठरले. स्थानिक गटात प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी यांच्याबरोबर सरपंच वा वस्तीचा प्रतिनिधी, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्ते असावेत अशी तरतूद आहे. या गटाने दरमहा आणि जिल्हा गटाने दर ४५ दिवसांनी बैठक घ्यावी असे नियमात लिहिले आहे. आपल्यापैकी किती जणांनी अशा बैठकीचे निमंत्रण पाहिले आहे? किती जणांना या गटाचे नाव तरी ठाऊक होते?

कायदे इतके चांगले, मग पुणे जिल्ह्याचा अनुभव काय सांगतो? ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार होरपळून मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या बेकायदा कारखान्यात स्फोट होऊन सहा स्त्रिया जागीच गेल्या आणि पुढे रुग्णालयात हा आकडा वाढत गेला. त्याच्या दोनच महिने आधी, ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री, ताथवडे येथे गॅसच्या टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना एकामागून एक स्फोट झाले आणि जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. जिल्ह्याबाहेर पाहाल तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे आठ वर्षांच्या अंतराने दोन भीषण स्फोट झाले.

या घटनांत एक समान धागा आहे. मरणारा माणूस साठ्याचा मालक नसतो. बहुधा ती कंत्राटी स्त्री कामगार असते, रोजंदारीवर पॅकिंग करणारी. आपण जे पाकिटात भरतो ते काय आहे, बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला धोक्याची माहिती मागण्याचा आणि इशारा देण्याचा अधिकार मिळाला. परंतु जिचे नाव हजेरीपटावरच नाही, तिने तो कोणाकडे आणि कोणत्या बळावर बजावावा?

आता रखवालदार किती आहेत ते मोजा. परवाना नागपूरच्या संघटनेचा. त्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र शहरात पोलीस आयुक्तांचे, आयुक्तालय नसेल तेथे जिल्हाधिकाऱ्यांचे. कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. सांडपाणी व वायू प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. बांधकाम महापालिकेकडे वा औद्योगिक विकास महामंडळाकडे. आग अग्निशमन दलाकडे. राज्याच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याने मालकाने दर जानेवारी व जुलै महिन्यात यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. ते देते परवानाधारक खाजगी संस्था आणि तिचे शुल्क भरतो स्वतः मालक. इतक्या खिडक्या, आणि अपघातानंतर प्रत्येक खिडकी शेजारच्या खिडकीकडे बोट दाखविते. परवान्यांच्या संख्येने सुरक्षितता वाढत नाही. एका तरी अधिकाऱ्यावर उत्तर देण्याची जबाबदारी असली पाहिजे.

याचाच आधार घेऊन कारखानदारांच्या संघटना म्हणतात, हे सारे इन्स्पेक्टर राज आहे, ते कमी करा. या म्हणण्यातील खरा भाग आपण नाकारू नये. एकाच माहितीचे सहा अर्ज सहा कचेऱ्यांत देणे हे कोणाच्याच हिताचे नाही, आणि त्या वाटेवर चहापाण्याचे जे पैसे द्यावे लागतात ते लहान कारखानदारालाच अधिक जड जातात. परंतु सरकारने हे दुखणे बरे करण्याच्या नावाखाली काय केले? २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची शिक्षा काढून तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. १९८९ चे साठवणुकीचे नियम याच कायद्याखाली आहेत. म्हणजे नियम मोडणाऱ्याला आता प्रथम दंडच, आणि तुरुंगाचा प्रश्न दंड बुडविला तर. मोठ्या कंपनीच्या हिशेबात १५ लाख ही शिक्षा नसते, तो एक खर्च असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने कारखान्याची व्याख्याच बदलली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. विजेविना २० होते, आता ४० झाले. धोक्याची माहिती मागण्याचे आणि इशारा देण्याचे हक्क संहितेत कागदावर आहेत. पण जेथे पंधरा बाया एका पत्र्याच्या शेडमध्ये रसायने भरतात, ती जागा कारखाना म्हणून मोजली जाईल की नाही, हे आता सरकारच्या वेगळ्या अधिसूचनेवर आणि इच्छेवर राहिले आहे.

जमिनीचा प्रश्नही यात आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. मुंबईहून नळाने इंधन तेथे येते आणि टँकरने पुढे जाते. असे साठे जेव्हा बसविले जातात, तेव्हा भोवताली शेते असतात. शहर वाढते, जमिनीचा भाव वाढतो, आणि बिल्डर कुंपणापर्यंत येऊन थांबतात. मग धोका टाकीने आणला की घराने, असा वाद सुरू होतो. खरे तर तो आणला दोन्हींना परवानगी देणाऱ्या नियोजनाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी शाळा, १० वा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी विभाग यांपासून ५० मीटरचे अंतर सांगितले, कोणत्याही परिस्थितीत ३० मीटरहून कमी नाही. ठीक आहे. परंतु पंपाला घरापासून अंतर हवे, तर नव्या घरालाही जुन्या साठ्यापासून अंतर हवे, हे बिल्डरला कोण सांगणार? मुंबईत माहुलला तर सरकारनेच प्रकल्पग्रस्त गरिबांची घरे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी दिली. त्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणि न्यायालयात वर्षानुवर्षे लढावे लागले.

येथे एक इशारा आपण आपल्यालाच दिला पाहिजे. टाकी सरकारी मालकीची झाली म्हणजे ती निर्धोक होत नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुऱ्यात जो साठा पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला, तो इंडियन ऑइल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा होता. ९ जानेवारी २०२४ रोजी कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन गळून पोहणाऱ्यांना रुग्णालयात न्यावे लागले, तो तलाव महापालिकेचा होता. सार्वजनिक मालकीला सार्वजनिक देखरेख नसेल, तर तिच्यात आणि खाजगी मालकीत शेजाऱ्याच्या दृष्टीने फरक तो काय?

दुसरा इशारा गरिबांविषयी. ताथवड्यासारखी घटना घडली की पोलीस वस्त्यांमध्ये धाडी घालतात आणि चार किलोचा सिलिंडर भरून देणाऱ्या टपरीवाल्याला पकडतात. त्याचे काम धोक्याचे आहे, यात शंका नाही. पण त्याचे गिऱ्हाईक कोण? पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा परगावचा मजूर, विद्यार्थी, हातगाडीवाला. अशांसाठी पत्त्याच्या पुराव्याशिवाय पाच किलोचा सिलिंडर मिळण्याची सोय तेल कंपन्यांनी केली, पण त्याला घरगुती सिलिंडरचा दर नाही. सुरक्षित वस्तू महाग आणि धोकादायक वस्तू स्वस्त असेल, तर धाडींनी धंदा थांबत नाही, तो फक्त मागच्या गल्लीत जातो. टपरीच्या पलीकडे टँकर आहे आणि टँकरच्या पलीकडे मोठे हात आहेत. मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची चोरी आणि भेसळ पकडावयास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. ते हात कोणत्या थराला जातात, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

आणि टाकी रिकामी झाली म्हणजेही मालकाची सुटका होऊ नये. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीन गळले आणि १२ माणसे मेली, तेव्हा कारखाना टाळेबंदीत बंद होता. माल मात्र टाकीत तसाच होता आणि तो तापत गेला. कंपनीकडे वैध पर्यावरण मंजुरी नव्हती, असे तिनेच आदल्या वर्षी प्रतिज्ञापत्रात सांगितले होते. भोपाळच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडला. चाळीस वर्षे! कारखाना बंद करणे सोपे असते. आवार स्वच्छ करण्याचा खर्च मात्र शेवटी जनतेच्या तिजोरीवर येतो.

तर मग आपण काय करावे? माझ्या मते चार कामे आहेत. पहिले, आपापल्या प्रभागातील आणि तालुक्यातील साठ्यांची यादी माहितीच्या अधिकाराखाली मागावी, आणि अशी यादी महापालिकेने व जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःहून प्रसिद्ध करावी अशी मागणी लावून धरावी. प्रत्येक साठ्याच्या फाटकावर काय आहे, किती आहे, परवाना कोणता आणि कधीपर्यंत, हे मराठीत लिहिलेला फलक असावा. दुसरे, स्थानिक आपत्तिनिवारण गटाच्या बैठकांची इतिवृत्ते मागावीत. बैठक झाली नसेल तर तसे लेखी घ्यावे, आणि वस्तीचा व कामगारांचा प्रतिनिधी त्यात बसेपर्यंत पाठपुरावा करावा. तिसरे, मुळशी, चाकण, कुरकुंभ या पट्ट्यांतील कंत्राटी कामगारांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, आपण जावे. कामगार किती याच्या मोजणीवर सुरक्षिततेचा नियम अवलंबून न ठेवता साठा कशाचा यावर ठेवावा, ही आपली मागणी असावी. एक पिंप दहा माणसांत तितकेच भडकते जितके शंभर माणसांत. चौथे, आपल्या स्वतःच्या सोसायटीच्या जनरेटरपासून सुरुवात करावी. तेथील टाकी किती लिटरची, ती कोठे आहे, आग विझविण्याचे साधन कोणते, हे सर्वसाधारण सभेत विचारायला कोणाच्या परवान्याची गरज नाही.

हे सारे करताना आपल्याला विकासविरोधी म्हटले जाईल. त्याला उत्तर साधे आहे. डिझेल लागते, क्लोरीन लागते, पाणी शुद्ध करणारी रसायनेही लागतात. ती साठवावी लागतील हे आपल्याला मान्य आहे. आपले म्हणणे इतकेच की, ज्याने साठा केला त्याने शेजाऱ्याला ते सांगितले पाहिजे, त्याची संमती घेतली पाहिजे आणि हानी झाली तर पूर्ण भरून दिली पाहिजे. गांधीजींनी मालकाने विश्वस्त व्हावे असे सांगितले. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो, आणि तो कोणी मागितल्याशिवाय दिला जात नाही. उरवड्याच्या त्या १७ जणांचा हिशेब पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक साठ्याच्या फाटकावर जाऊन मागणे, हे येत्या वर्षातील आपले काम आहे.